प्रतिमा, नाव आणि चिन्ह : ख्रिस्ती संतांच्या आयकॉनचे वाचन

'आयकॉन' हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला आणि रुळला. संगणकाच्या पडद्यावरील इवल्याशा चित्राला आपण आयकॉन म्हणतो, आणि एखाद्या नटाला किंवा खेळाडूला तरुण पिढीचा आयकॉन म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे : प्रतिमा, सादृश्य. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत, म्हणजे बायझंटाइन साम्राज्यात आणि पुढे ग्रीस, सर्बिया, जॉर्जिया, रशिया या देशांत, हा शब्द प्रामुख्याने लाकडी फळीवर रंगविलेल्या ख्रिस्ताच्या, मरियेच्या किंवा एखाद्या संताच्या वंदनीय चित्रासाठी वापरला गेला. प्रस्तुत लेखात आम्ही यांपैकी संतांच्या आयकॉनचाच विचार करणार आहोत.

ही चित्रे प्रथमच पाहणाऱ्याला ती ताठर वाटतात. चेहरे लांबट आणि गंभीर, डोळे मोठे, शरीराला वजन नाही, सावली नाही, पार्श्वभूमीला नुसते सोने. इटालियन प्रबोधनकाळातील चित्रांवर ज्याची नजर घडली आहे, त्याला वाटते की या चित्रकारांना माणूस हुबेहूब काढता येत नसावा. हा समज किती चुकीचा आहे, हे एकाच चित्रावरून दाखविता येते. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधविलेल्या मठात, आज जो संत कॅथरीनचा मठ म्हणून ओळखला जातो तेथे, संत पीटरचे त्याच शतकातील एक आयकॉन जतन झाले आहे. वितळलेल्या मेणात रंग कालवून ते रंगविलेले आहे. इजिप्तमधील फायूम येथे सापडलेली रोमन काळातील मृतांची व्यक्तिचित्रे याच तंत्राची. पीटरचे पिकलेले केस, कपाळावरच्या आठ्या, गालांवरचा छायाप्रकाश, मागचा कमानदार कोनाडा, हे सारे एका कसलेल्या व्यक्तिचित्रकाराचे काम आहे. त्याच्या एका हातात किल्ल्या आहेत, दुसऱ्या हातात क्रूस असलेली काठी. म्हणजे सहाव्या शतकात चित्रकाराला हुबेहूब माणूस काढता येत होता. पुढच्या काही शतकांत मात्र संतांची चित्रे अधिकाधिक सपाट आणि सांकेतिक होत गेली. असे का व्हावे?

आमच्या मते या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग एका वादात सापडतो. संतांच्या आयकॉनमधील चिन्हे ही चित्रावर नंतर चढविलेली सजावट नव्हे. चित्रावर खोटेपणाचा आरोप झाला, त्या आरोपाला चित्राने दिलेले ते उत्तर आहे.

आठव्या शतकात, सम्राट तिसऱ्या लिओच्या कारकिर्दीत, बायझंटाइन साम्राज्यात प्रतिमाविरोधी चळवळीला राजाश्रय मिळाला. त्याचा पुत्र पाचवा कॉन्स्टंटाइन याने इ. स. ७५४ मध्ये हिएरिया येथे धर्मसभा बोलावून प्रतिमा निषिद्ध ठरविल्या. प्रतिमाविरोधकांचा युक्तिवाद उथळ नव्हता. संत ईश्वराच्या सन्निध, तेजात वास करतात. त्यांना निर्जीव लाकडावर आणि रंगांत बांधणे हा त्यांचा अवमान आहे. संतांची खरी प्रतिमा हवी असेल तर त्यांचे सद्गुण स्वतःच्या जीवनात उतरवावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मूर्तिपूजेच्या विरोधातील आपल्याकडील वादांशी परिचित असलेल्या वाचकाला या युक्तिवादाचे बळ सहज जाणवेल.

याला पहिले मोठे उत्तर दिले ते दमास्कसच्या योहानाने. गंमत अशी की तो खलिफांच्या राज्यात, जेरुसलेमजवळच्या मठात राहत असल्यामुळे ख्रिस्ती सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता. सिनाईवरची जुनी चित्रे वाचली तीही बहुतांशी याच कारणाने. योहानाचे म्हणणे असे की, ईश्वराने स्वतः देह धारण केला तेव्हाच जडद्रव्याला प्रतिष्ठा मिळाली. आपण लाकडाची आराधना करीत नाही. लाकूड निर्माण करणाऱ्याची करतो. पुढे इ. स. ७८७ मध्ये सम्राज्ञी आयरीनच्या काळात निकिया येथे भरलेल्या धर्मसभेने प्रतिमांना पुन्हा मान्यता दिली. आराधना केवळ ईश्वराची, प्रतिमेला केवळ वंदन, आणि ते वंदनही प्रतिमेपाशी न थांबता मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचते, असा भेद तेथे स्पष्ट करण्यात आला. प्रतिमा आणि मूळ व्यक्ती यांच्यात नाव आणि रूप समान असते, सत्त्व समान नसते. आपल्या भाषेत सांगायचे तर बिंब आणि प्रतिबिंब यांचा संबंध मान्य करून त्यांची गल्लत नाकारण्यात आली.

वाद तेथे संपला नाही. इ. स. ८१५ मध्ये प्रतिमाबंदी पुन्हा आली आणि ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोराच्या काळात कायमची उठली. मधल्या काळात माणसांनी काय भोगले, याचे एकच उदाहरण देतो. पॅलेस्टाइनमधून आलेले थिओडोर आणि थिओफानीस हे दोघे भिक्षू बंधू प्रतिमांची बाजू सोडीनात, तेव्हा सम्राट थिओफिलसने त्यांच्या चेहऱ्यांवर त्यांची निंदा करणाऱ्या पद्यपंक्ती गोंदवून घेतल्या. इतिहासात ते 'ग्राप्ती', म्हणजे 'ज्यांच्यावर लिहिले गेले ते', या नावाने ओळखले जातात. थिओडोर बंदिवासात मरण पावला. थिओफानीस पुढे निकियाचा बिशप झाला. ग्रीकमध्ये लिहिणे आणि चित्र रंगविणे यांसाठी एकच क्रियापद आहे, 'ग्राफेइन'. प्रतिमा लिहू द्या म्हणणाऱ्यांचे चेहरेच सम्राटाने लिहून टाकले. संस्कृतमधील 'लिख्' धातूतही कोरणे, रेखाटणे आणि लिहिणे हे अर्थ एकत्र नांदतात. उषेला अनिरुद्धाची ओळख पटावी म्हणून चित्रे काढणाऱ्या सखीचे नाव चित्रलेखा आहे, हे येथे सहज आठवते.

आता या वादाचा चित्रावर काय परिणाम झाला ते पाहू. पहिला परिणाम म्हणजे नाव. प्रतिमा आणि मूळ व्यक्ती यांना जोडणारा दुवा नाव असेल, तर ते चित्रावर हवेच. त्यामुळे नवव्या शतकानंतर संताच्या मस्तकाच्या दोन्ही बाजूंना 'हागिओस', म्हणजे पवित्र, हा शब्द आणि पुढे नाव लिहिणे हा जवळपास नियमच झाला. पुष्कळदा ही अक्षरे वरून खाली, स्तंभासारखी उतरतात. नावाविना चित्र कोणाचेही असू शकते. नाव आले की वंदन कोणाला पोहोचवायचे ते ठरते.

दुसरा परिणाम म्हणजे चेहऱ्यांचे स्थिरीकरण. नाव जे सांगते तेच चेहऱ्यानेही सांगितले पाहिजे. पीटरचे केस आखूड, कुरळे, पांढरे. पॉलचे टक्कल आणि काळी लांब दाढी. निकोलसचे उंच, रुंद कपाळ आणि आखूड गोलसर दाढी. ख्रिसोस्तोमचे खोल गेलेले गाल आणि विरळ दाढी. बासिलची लांब काळी दाढी. जॉर्ज कुरळ्या केसांचा, दाढी न फुटलेला तरुण. अठराव्या शतकात फूर्ना येथील डायोनिसिअस या भिक्षुचित्रकाराने आथोस पर्वताच्या परंपरेनुसार चित्रकारांसाठी जी मार्गदर्शिका सिद्ध केली, तीत अनेक संतांचे वर्णन एवढेच आहे : वय आणि दाढी. आधुनिक वाचकाला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्या समाजात शेकडो संत ओळखावे लागतात, तेथे दाढीचा आकार हा अक्षराच्या वळणासारखा असतो. 'घ' आणि 'ध' यांतला फरकही तसा थोडकाच, परंतु त्यावर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो.

तिसरा परिणाम पेहरावात आणि देहात दिसतो. बिशपांच्या खांद्यावर क्रूसांकित पट्टा असतो. हरवलेले मेंढरू खांद्यावर घेऊन येणाऱ्या मेंढपाळाचे ते चिन्ह मानले गेले. त्यांच्या हातातील शुभवर्तमानाचा ग्रंथ बहुधा वस्त्राने झाकलेल्या हाताने धरलेला असतो, कारण पवित्र वस्तूला उघडा हात लावू नये. योद्धे संत सुदृढ आणि घाटदार असतात. तपस्वी मात्र कृश, सरळ, जणू देहाचा भार उतरलेले. म्हणजे शरीर किती घन रंगवायचे हेसुद्धा संत कोणत्या वर्गातला आहे यावर ठरते. येथे शैली हेच चिन्ह आहे.

हा कृशपणा किती महत्त्वाचा मानला जाई, हे सतराव्या शतकातील रशियात दिसते. पाश्चात्त्य चित्रांच्या प्रभावाने मॉस्कोतील काही चित्रकार छायाप्रकाश देऊन भरलेले चेहरे रंगवू लागले. त्यावर पुरोहित अव्वाकुम तुटून पडला. उपवासाने आणि कष्टाने ज्यांचे चेहरे सुकले त्यांना तुम्ही लाल ओठांचे, गुबगुबीत दंडांचे, जर्मन माणसासारखे रंगविता, असा त्याच्या टीकेचा आशय होता. बोलभाषेतील रशियन गद्याचा आद्य शिल्पकार म्हणून साहित्याचे अभ्यासक अव्वाकुमला ओळखतात. चर्चमधील सुधारणांना केलेल्या विरोधापायी इ. स. १६८२ मध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याची भाषा कठोर होती, परंतु मुद्दा नेमका होता : भरलेला गाल रंगविला की चित्र अधिक खरे दिसेल, पण संताविषयी ते खोटे बोलेल.

सोनेरी पार्श्वभूमी आणि सावलीचा अभाव यांचाही येथेच उलगडा होतो. सावली पडते ती प्रकाश कोठून तरी येतो म्हणून. आयकॉनमध्ये प्रकाश कोणत्याही खिडकीतून येत नाही; संत प्रकाशातच उभा असतो. रंगविण्याची पद्धतही याला धरूनच आहे. फळीवर बहुधा तागाचे कापड चिकटवून त्यावर खडू आणि सरस यांचे पांढरे अस्तर देतात. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले. चेहऱ्याला आधी गडद, हिरवट तपकिरी लेप. मग त्यावर क्रमाने उजळ थर. शेवटी डोळ्यांभोवती आणि कपाळावर पांढऱ्याच्या बारीक रेषा. चेहरा काळोखातून उजेडाकडे येत जातो. अनेक आयकॉनमध्ये आसने, पाऊलपाट आणि ग्रंथ यांच्या रेषा चित्राच्या आत दूर जाऊन मिळत नाहीत. उलट त्या पाहणाऱ्याकडे येत एकवटतात. या उलट्या यथार्थदर्शनाची तरफदारी रशियन पुरोहित, गणिती आणि विचारवंत पावेल फ्लोरेन्स्की याने १९१९ च्या सुमारास एका निबंधात केली. ही चूक नसून पाहण्याची दुसरी रीत आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. सोव्हिएत राजवटीने १९३७ मध्ये त्याला गोळी घातली.

येथे एक सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. निळा म्हणजे स्वर्ग, हिरवा म्हणजे जीवन, तांबडा म्हणजे रक्त, अशा याद्या आयकॉनविषयीच्या लोकप्रिय पुस्तकांत हमखास असतात. हुतात्म्यांना बहुधा तांबडे वस्त्र असते हे खरे; पण प्रत्येक रंगाला एकच पक्का अर्थ देणारा शब्दकोश त्या चित्रकारांपाशी होता असे समजू नये. कवितेत प्रत्येक फुलाला प्रतीक ठरविणारा विद्यार्थी जी चूक करतो, तीच ही चूक आहे. चिन्ह एकटे बोलत नाही. नाव, चेहरा, वस्त्र आणि जागा यांच्या संगतीत ते बोलते.

हातातील वस्तूंच्या बाबतीत पूर्व आणि पश्चिम यांच्यात एक लक्षणीय फरक आहे. पाश्चात्त्य परंपरेत हुतात्मा संत ओळखला जातो तो बहुधा त्याच्या छळाच्या साधनावरून : लॉरेन्सची लोखंडी जाळी, सेबॅस्टियनचे बाण, कॅथरीनचे काटेरी चाक. देवतेला आयुधावरून आणि वाहनावरून ओळखण्याची सवय असलेल्या आपल्याकडील वाचकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. पूर्वेकडे मात्र हुतात्म्याच्या हाती सहसा लहानसा क्रूस असतो, एवढेच. तो कसा मारला गेला यापेक्षा त्याने कशाची साक्ष दिली, हे तेथे महत्त्वाचे. ग्रीकमधील हुतात्मावाचक 'मार्तिस' या शब्दाचा मूळ अर्थच साक्षीदार असा आहे. सिनाईवरील तेराव्या शतकातील एका आयकॉनमध्ये कॅथरीन सम्राज्ञीच्या राजवस्त्रांत, मुकुट घालून, हाती क्रूस घेऊन उभी आहे; तिच्या छळाचे प्रसंग कडेच्या लहान चौकटींत आहेत. कथा कडेला, साक्ष मध्यभागी.

हीच कॅथरीन पश्चिम मार्गाने गोव्यात आली. आफोन्सो द आल्बुकेर्कने इ. स. १५१० मध्ये २५ नोव्हेंबर या दिवशी, म्हणजे कॅथरीनच्या सणादिवशी, गोवा जिंकले. म्हणून जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल तिला अर्पण झाले आणि त्याच्या मुख्य वेदीमागील सोनेरी कोरीवकामात तिच्या जीवनाचे आणि हौतात्म्याचे प्रसंग आले. तिचे चाक तर विसाव्या शतकात पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हातही होते. ज्या चाकावर, दंतकथेनुसार, सत्तेने एका निःशस्त्र विदुषीला मारू पाहिले आणि जे तिच्या स्पर्शाने मोडले, ते चाक पुढे एका सत्तेचेच बोधचिन्ह व्हावे, यातील विरोधाभास बोलका आहे. चिन्ह संतापासून सुटे झाले की ते कोणाच्याही हाती लागू शकते. पूर्वेकडील परंपरेने चिन्हाला नावाशी आणि चेहऱ्याशी इतके घट्ट का बांधले, ते यावरून कळते.

साहित्याच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा अशी आणखी तीन उदाहरणे आहेत. तिन्हींत शब्द, चित्र आणि कथा एकमेकांत शिरतात.

पहिले बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून काही चित्रांत त्याला पंख दिसू लागतात. योहान तर माणूस. मग पंख कसे? ग्रीक 'आंगेलोस' या शब्दाचा अर्थ निरोप्या असाही होतो आणि देवदूत असाही. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथात ज्या पुढे पाठविलेल्या दूताचा उल्लेख आहे, तो योहानच, असे मार्काचे शुभवर्तमान सांगते. चित्रकाराने त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम रंगविले : अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र, पाठीला पंख. हा चित्रातला श्लेषच होय.

दुसरे जॉर्जचे. आरंभीच्या चित्रांत जॉर्ज सर्पासुराशी लढत नाही. सिनाईवरील सहाव्या शतकातील चित्रात तो दरबारी वस्त्रांत, हाती क्रूस घेऊन मरियेशेजारी उभा आहे. जॉर्जियातील जुन्या चित्रांत तो घोड्यावरून ज्याला भाला मारतो तो आहे सम्राट डायोक्लेशियन, ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा. भाल्याखालचा साप हे दुष्टतेचे चिन्ह त्याआधीपासून प्रचलित होतेच. सम्राट कॉन्स्टंटाइनने राजवाड्याच्या दारावर असे चित्र लावल्याचे युसेबिअस नोंदवितो. राजकन्येला वाचविणाऱ्या जॉर्जची कथा मात्र अकराव्या शतकाच्या सुमारास आकार घेताना दिसते, आणि पश्चिमेत ती तेराव्या शतकातील 'सुवर्णकथा' या संतचरित्रसंग्रहामुळे सर्वदूर पसरली. येथे चिन्ह आधी आणि कथा नंतर, असा क्रम असण्याचा संभव मोठा आहे.

तिसरे क्रिस्तोफरचे. पूर्वेकडील काही आयकॉनमध्ये त्याला कुत्र्याचे मस्तक आहे. जगाच्या कडेला श्वानमुखी माणसे राहतात, असे प्राचीन भूगोलकार मानीत. क्रिस्तोफर त्यांच्यातला, अशी दंतकथा होती. ज्याला आपण माणूस म्हणायलाही कचरू, त्याच्याही मस्तकाभोवती प्रभावळ असू शकते, असा त्या चित्राचा अर्थ होता. परंतु इ. स. १७२२ मध्ये रशियाच्या पवित्र सिनॉडने निसर्गाला आणि इतिहासाला सोडून असलेल्या चित्रांवर बंदी घातली, तीत हा श्वानमुखी संतही सापडला. चिन्ह म्हणून वाचायची गोष्ट शरीरशास्त्र म्हणून वाचली गेली. प्रतिमाभंजकांनी न केलेले काम अशा वाचनाने केले.

रशियातील आयकॉनच्या वाट्याला आणखी एक वनवास आला. रक्षणासाठी त्यांवर लावलेले जवसाच्या तेलाचे रोगण काळाबरोबर काळवंडत जाई. मग त्यावर नवे चित्र रंगवीत. विसाव्या शतकाच्या आरंभी हे थर शास्त्रीय रीतीने उतरविले जाऊ लागले आणि खालचे लखलखीत रंग पाहून लोक थक्क झाले. मातिस १९११ मध्ये मॉस्कोला गेला तेव्हा या चित्रांनी भारावला. १९१३ मध्ये तेथे जुन्या आयकॉनचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हापासून आयकॉन कलाकृती झाले. ही घटना आनंदाची खरीच. पण संग्रहालयाच्या स्थिर पांढऱ्या उजेडात सोने म्हणजे एक पिवळा पृष्ठभाग होतो. हलत्या ज्योतीपुढे तेच सोने कधी उजळते, कधी विझते, आणि संताचा चेहरा मधूनच पुढे आल्यासारखा वाटतो. चित्रकाराने तो गृहीत धरलेला होता.

म्हणून संताचे आयकॉन समोर आले की प्रथम त्याचे सौंदर्य किंवा कौशल्य न पाहता साधे प्रश्न विचारावेत. नाव कोठे लिहिले आहे? चेहरा कोणत्या परंपरेतला? हातात काय आहे, आणि काय नाही? श्रद्धा असणे ही त्यासाठी पूर्वअट नाही. चित्राने पाळलेली शिस्त मात्र वाचकानेही पाळावी लागते. आयकॉन संत असल्याचा आव आणीत नाही. तो संताचे नाव सांगतो आणि बाजूला होतो. एवढ्या नम्रतेची परवानगी मिळविण्यासाठी त्याला शंभराहून अधिक वर्षे झगडावे लागले.